झाडे मोजू नका, झाकलेली जमीन मोजा

मृग नक्षत्र जवळ आले की डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे तालुक्यांच्या खाणपट्ट्यातला शेतकरी जेवढा आभाळाकडे पाहतो तेवढाच गावामागच्या डंपाकडे पाहतो. डंपावर पहिला जोराचा पाऊस पडला की थोड्याच वेळात व्हाळाचे पाणी तांबडे होते. ते पाटातून आणि बांधावरून शेतात शिरते. पाणी ओसरते, पण माती मागे राहते. ती शेतातली माती नसते, खाणीच्या पोटातून उपसलेली चिकण माती असते. चार दिवस ऊन पडले की तिची फरशी होते आणि तिच्यातून भाताचा कोंब वर येत नाही. सरद तर जातेच, व्हाळ गाळाने भरला की पुढची वायंगणही जाते. कुळागराच्या पाटात तोच गाळ आणि गावच्या तळीच्या तळाशीही तोच.

हे आम्ही नव्याने सांगत नाही. या पत्रिकेच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी ही कथा दोन पिढ्यांची आहे. नवे सांगायचे ते एवढेच, की या प्रश्नाला आजवर मिळालेले उत्तर चुकीच्या मापाने मोजलेले आहे. ग्रामसभेत कुणी गाळाचा विषय काढला की समोरून ठरलेले उत्तर येते : ‘आम्ही इतकी हजार झाडे लावली आहेत.’ आकडा मोठा असतो, कागदावर शिक्का असतो, सोबत हिरव्यागार डंपाचे छायाचित्रही असते. पुढच्या जूनमध्ये पाणी पुन्हा तांबडेच येते. मग ती झाडे गेली कुठे? बहुतेक ठिकाणी झाडे जागच्या जागी असतात. खोट आहे ती मोजमापात.

माती वाहून जाते कशी, हे आधी पाहू. पावसाचा थेंब उघड्या जमिनीवर आपटतो, मातीचे कण सुटे करतो आणि उतारावरचे पाणी ते कण घेऊन जाते. म्हणून माती वाचवायची तर थेंब जमिनीवर आपटण्याआधी अडवला पाहिजे, तोही जमिनीला लागून. उंच झाडाच्या पानांवर पाणी साठते आणि मोठ्या थेंबांनी खाली टपकते. खाली गवत किंवा पाचोळा नसेल तर तो थेंबही जमीन फोडतोच. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९७८ साली विश्मायर आणि स्मिथ या शास्त्रज्ञांची धुपेविषयीची हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली. जमिनीची धूप मोजणारे लोक जगभर आजही तिचा आधार घेतात. तिच्यातला हिशेब असा. नांगरून सतत उघड्या ठेवलेल्या जमिनीची धूप १०० धरली, तर न नांगरलेल्या पण उघड्या पडीक जमिनीची धूप ४५ येते. त्याच जमिनीवर उंच झाडी असेल आणि तिची छाया पाऊण जमिनीवर पडत असेल, पण खाली काहीच नसेल, तर ती ३६ येते. म्हणजे एवढी झाडी उभी करूनही धूप पाचव्या हिश्श्यानेच घटली. आता झाडे नाहीत, पण जमिनीलगत गवत आणि कुजता पाचोळा आहे असे समजू. जमीन ४० टक्के झाकली की धूप १० वर येते, ६० टक्क्यांना सुमारे ४ वर आणि ८० टक्क्यांना सव्वाच्या आसपास.

हा हिशेब अमेरिकेतल्या शेतजमिनींवर आणि कुरणांवर बांधलेला आहे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. आणि डंपाचा उतार म्हणजे टिपरमधून ओतलेली माती जिथे आपसूक थांबते तो पस्तीस अंशांच्या जवळपासचा कडा. त्यामुळे गोव्यातले आकडे वेगळे येतील. दिशा मात्र बदलणार नाही. माती धरून ठेवते ती जमिनीलगतची झाकण, आणि आमच्या डंपांवर नेमकी तीच विरळ दिसते. तिथे वर्षानुवर्षे लावला गेला तो प्रामुख्याने आकेशिया. हे झाड ऑस्ट्रेलियाकडचे. निकस जमिनीत तगते, भराभर वाढते, गुरे त्याला तोंड लावत नाहीत, आणि दोन वर्षांत छायाचित्र काढण्याजोगे हिरवे दिसते. ज्याला शंका असेल त्याने मेअखेरीस जुन्या डंपाच्या उतारावर जाऊन पायाने त्याची पाने बाजूला सारावीत. खाली गवताची काडी किती सापडते ते पाहावे. सुटी पाने झाकण म्हणून पुरली असती, पण तीव्र उतारावरून ती पहिल्याच लोंढ्याबरोबर निघून जातात. मार्च-एप्रिलच्या वणव्यातून वाचली असतील तर.

असे का झाले? नियम जे मोजतो तेच उगवते म्हणून. १९८८ च्या खनिज संवर्धन व विकास नियमावलीत झाडोऱ्याविषयीचा नियम होता. खाणीमुळे जितकी झाडे नष्ट होतील त्याच्या किमान दुप्पट झाडे लावावीत, ती त्याच जागी किंवा ठरवून दिलेल्या दुसऱ्या जागी लावली तरी चालतील, आणि इतर वनस्पती ‘शक्य तितक्या’ पूर्ववत कराव्यात, असे त्यात म्हटले होते. झाडांना आकडा मिळाला, गवताला ‘शक्य तितके’ मिळाले. पुढची तीन दशके सगळ्यांनी आकडाच पाळला, यात नवल कसले?

सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी एक महत्त्वाचा आदेश दिला. खाणकाम थांबताच खाणधारकाने खाणीची जागा आणि खाणीमुळे बिघडलेली इतर जागा पुन्हा गवताखाली आणावी. चारा, वनस्पती आणि जीवजंतू यांना योग्य अशी ती करावी. आणि ही अट केंद्र सरकारने खाणपट्ट्यात, पर्यावरण मंजुरीत व खाण आराखड्यात घालावी, असा तो आदेश आहे. न्यायालयाने झाडांचा आकडा सांगितला नाही, गवत सांगितले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पण जमीन किती टक्के झाकली म्हणजे अट पाळली? कोणत्या महिन्यात मोजायचे? किती वर्षे टिकले पाहिजे? मोजणार कोण? ही उत्तरे सरकारने नियमात लिहायची असतात. ती लिहिली जात नाहीत तोवर ‘गवत लावले’ हे वाक्य ‘झाडे लावली’ या वाक्याइतकेच पोकळ राहणार.

ही उत्तरे लिहिता येतात. अमेरिकेने १९७७ साली उघड्या कोळसा खाणींविषयी कायदा केला, त्यात ती आहेत. त्या कायद्याप्रमाणे खाणीनंतर उभी राहणारी वनस्पती विविध, टिकाऊ, शक्यतो स्थानिक आणि स्वतःहून पुन्हा उगवणारी असली पाहिजे, आणि तिने पूर्वीच्या नैसर्गिक वनस्पतीइतकी जमीन झाकली पाहिजे. नियमावलीने याला माप दिले. शेजारची न दुखावलेली जमीन किंवा आधी मंजूर केलेले प्रमाण हे मानक धरायचे. मोजणी शास्त्रीय नमुना घेऊन करायची. आणि झाकण त्या मानकाच्या किमान ९० टक्के भरली पाहिजे. जिथे वर्षाला २६ इंचांहून अधिक पाऊस पडतो तिथे खाणवाला पाच वर्षे जबाबदार राहतो, त्याहून कोरड्या मुलखात दहा वर्षे. यातली खरी मेख पुढे आहे. ही वर्षे शेवटची पुनर्पेरणी, शेवटचे खत किंवा शेवटचे पाणी दिल्यानंतर मोजायला सुरुवात होते. टँकरने जगवलेले गवत गवत म्हणून धरले जात नाही. ठेवीचे पैसेही टप्प्याटप्प्याने सुटतात. जमीन सारखी करून निचऱ्याची सोय केली की एक भाग, वनस्पती रुजली आणि ओढ्यात मर्यादेबाहेर गाळ जात नाही असे दिसले की दुसरा, आणि मुदत पुरी झाल्यावर उरलेला.

त्या देशाची चूकही आपण शिकून घ्यावी. ॲपलेशियाच्या डोंगराळ भागात खाणवाल्यांनी टक्केवारी गाठण्यासाठी जमीन यंत्रांनी दाबून घट्ट केली आणि तिच्यावर झपाट्याने पसरणारी परदेशी गवते पेरली. टक्के भरले, ठेवी सुटल्या. पण घट्ट जमिनीत आणि दाट गवतात जंगलाची झाडे रुजेनात. जिथे पूर्वी अरण्य होते तिथे वर्षानुवर्षे नुसते माळ राहिले. २००४ साली तिथल्या सरकारी यंत्रणांना आणि शास्त्रज्ञांना एकत्र येऊन खाणींच्या जमिनीवर पुन्हा जंगल उभे करण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. आम्ही झाडे मोजली तेव्हा आकेशिया मिळाला. त्यांनी नुसती हिरवळ मोजली तेव्हा माळ मिळाले. तेव्हा एकट्या टक्केवारीने भागणार नाही. काय मोजायचे हे पूर्ण विचारांती ठरवले पाहिजे.

गोव्यासाठी मानक कसे असावे, याविषयी आमचे म्हणणे आम्ही पाच कलमांत मांडतो. हे आकडे चर्चेसाठी आहेत. तज्ज्ञांनी गोव्यातल्या डंपांवर मोजमाप करून ते दुरुस्त करावेत, आमची हरकत नाही. आकडाच नको, ही भूमिका मात्र आम्हांला मान्य नाही.

पहिले, मोजणी मेअखेरीस व्हावी. सप्टेंबरात गोव्यात दगडावरही शेवाळ चढते. त्या महिन्याचे छायाचित्र काहीच सिद्ध करत नाही. धोका असतो तो पहिल्या पावसाचा, आणि तेव्हा जमिनीवर जे उभे असेल तेच कामाला येते : गवताची बुडखी, झुडपे, जमिनीला धरून बसलेला कुजता पाचोळा. डंपाच्या उतारावर ही झाकण किमान ८० टक्के आणि सपाट माथ्यावर ७० टक्के असावी. वरच्या हिशेबात ६० वरून ८० वर जाताना धूप आणखी तिपटीने घटते, म्हणून उताराला ८०. शेजारचा मूळ सडाच उघड्या जांभ्याचा असेल तर तिथे त्या सड्याशी तुलना करावी, म्हणजे खाणवाल्यावरही अन्याय होणार नाही. सरासरीच्या आड मोठी उघडी टकले लपू नयेत, म्हणून सलग उघड्या जागेलाही मर्यादा घालावी.

दुसरे, काय उगवले हेही मोजावे. उतार बांधायला वाळा आणि स्थानिक गवते, मधे शेंगवर्गीय वनस्पती, धायटी आणि करवंदासारखी झुडपे, बांबूची बेटे, आणि खाली गवताला ऊन मिळेल इतक्या अंतरावर किंदळ, जांभूळ यांसारखी इथली झाडे, असे मिश्रण हवे. कोणतीही एक जात निम्म्याहून अधिक नसावी. रानमोडीने झाकलेली जमीन भरलेल्या जमिनीत धरू नये.

तिसरे, शेवटची पेरणी किंवा शेवटचे पाणी दिल्यानंतर पाच पावसाळे ही झाकण स्वतःच्या बळावर टिकली पाहिजे.

चौथे, पैसा या मोजणीशी बांधावा. केंद्राच्या नियमांप्रमाणे खाणधारकाला खाणबंदीच्या कामाची हमी म्हणून रक्कम ठेवावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ती ‘अ’ वर्गाच्या खाणींसाठी हेक्टरी ५ लाख आणि ‘ब’ वर्गासाठी ३ लाख रुपये झाली. ही रक्कम पुरेशी आहे का, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. ती परत देताना मेअखेरची मोजणी आणि जून-जुलैतल्या व्हाळाच्या पाण्याची तपासणी, या दोन्ही कसोट्या लागल्या पाहिजेत.

पाचवे, मोजणी गावासमोर व्हावी. तिला मोठी विद्या लागत नाही. पन्नास मीटरची दोरी उतारावर ताणायची, दर अर्ध्या मीटरला एक सळई सरळ खाली टेकवायची आणि ती कशाला टेकली ते लिहायचे : गवत, झुडूप, पाचोळा, दगड की उघडी माती. शंभर टोचण्या झाल्या की टक्के समोर येतात. एका दोरीने भागत नाही. प्रत्येक उतारावर अनेक दोऱ्या लागतात. त्या कुठे ताणायच्या हे कंपनीने दाखवू नये, अधिकाऱ्यानेही नाही. नकाशावर चौकोन पाडून ग्रामसभेत चिठ्ठ्या काढाव्यात. दहावीतली मुले हे काम करू शकतात, आणि त्यांनी करावेही.

यावर आक्षेप येतील. खाणधारक म्हणतील, डंपाच्या निकस मातीत एवढे उगवत नाही. उतार कमी करून पायऱ्या पाडल्या, वरची सुपीक माती खाण उघडताना राखून ठेवून पुन्हा पसरली आणि काथ्याच्या जाळ्यांखाली बी धरले, तर उगवते. राखलेली माती शिल्लक नसेल तर ती चूक पावसाची नाही. दुसऱ्या बाजूने कुणी म्हणेल, गवताने सगळे प्रश्न सुटतील काय? नाही सुटणार. डंप आतून घसरला तर गवत त्याला धरू शकत नाही. त्यासाठी पायथ्याची भिंत, भोवतीचे चर आणि गाळ बसवणारी तळी लागतातच. जुलै २०२१ मध्ये शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात कळणे येथे खाणीच्या खड्ड्यातले पाणी फुटून गावात शिरले. ते संकट निराळ्या जातीचे होते. पण दरवर्षी, न चुकता, बातमीही न होता जो गाळ शेतात येतो, तो अडवायचा पहिला मार्ग झाकलेली जमीन हाच आहे.

आम्ही खाणींचे सरसकट वैरी नाही, हेही स्पष्ट करतो. आमच्याच घरांत टिपरवाले आहेत, बार्जवाले आहेत, खाणीवर उमेदीची वर्षे घालवलेले आहेत. २०१२ साली खाणी थांबल्या आणि २०१८ साली न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, तेव्हा कर्जाचे हप्ते कसे भरले ते या घरांना विचारावे. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या पद्धतीने खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि २०२४ पासून काम पुन्हा सुरू झाले. म्हणूनच ही वेळ महत्त्वाची आहे. नवा करार होताना अट घालता येते. खाण रिकामी झाल्यावर घातलेली अट म्हणजे वरातीमागून घोडे.

एक गोष्ट मात्र आपल्याच घरातली आहे आणि ती सांगितल्यावाचून हे लिखाण प्रामाणिक होणार नाही. गोव्यात एक टन खनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागतो. तो टाकायला पट्ट्याबाहेर जागा लागली, आणि ती कित्येक जुन्या कुटुंबांनी भाड्याने किंवा मोबदला घेऊन दिली. पट्ट्याबाहेर असे डंप टाकता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या निकालात सांगितले. तोवर डोंगर उभे राहिले होते. आज त्या डंपांखालची जमीन आपल्या नावावर, वरची माती कुणाच्या तरी हिशेबात, आणि खालच्या वाड्यावरचे शेत आपल्याच कुळाचे किंवा भाऊबंदाचे, अशी स्थिती आहे. त्यातले खनिज काढण्यासाठी डंप पुन्हा हलवले जातील तेव्हा इतक्या वर्षांत जी काही झाकण आली आहे तीही जाईल. ज्यांच्या जमिनीवर असे डंप आहेत त्यांनी, माती हलवण्याआधी, उरलेल्या जमिनीचे मानक लेखी मागावे. मोबदल्याची पावती जपून ठेवणाऱ्यांनी ही जबाबदारीही आपली मानली पाहिजे.

शेवटी भाषेचा मुद्दा, कारण तो इथे खरोखरच अडतो. खाणबंदीचा आराखडा शेकडो पानांचा आणि इंग्रजीत असतो. त्यातले ‘हरितीकरण’ नावाचे प्रकरण ज्याचे शेत बुडते त्याला वाचता येत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. ती तरतूद फलकांपुरती राहू नये. प्रत्येक खाणीच्या बंदी-आराखड्यातला जमीन झाकण्याचा भाग आणि दरवर्षीच्या मोजणीचा तक्ता मराठीत व कोकणीत पंचायतीच्या भिंतीवर लागला पाहिजे. दोन पानांचा कागद पुरे.

आमची विनंती आता थेट वाचकांना आहे. खाणपट्ट्यातल्या आपल्या गावच्या येत्या ग्रामसभेत वरील पाच कलमांचा ठराव मांडावा. मते मागायला जो कोणी दारात येईल, पक्ष कोणताही असो, त्याला एकच प्रश्न विचारावा : मेअखेरीस किती टक्के, आणि मोजणार कोण? झाडांचा आकडा सांगायला लागला तर त्याला थांबवावे. सरकारच्या मोजणीची वाट न पाहता आपणही एक दोरी, एक सळई आणि एक वही घेऊन, जमीनमालकाची आणि पंचायतीची परवानगी काढून, गावच्या डंपावर जावे आणि तारखेनिशी आकडे लिहून ठेवावेत. पहिल्या पावसानंतर व्हाळाचे पाणी काचेच्या बाटलीत भरून त्याच तारखेची चिठ्ठी तिला लावावी. अशा वह्या आणि बाटल्या चार गावांतून पणजीला पोचल्या, तर लाखो झाडांच्या आकड्याला कुणीतरी उत्तर देऊ शकेल.